शेतकऱ्यांचे कायदे व व्यवहार शिक्षण (महाराष्ट्र)

जमिनीचे अभिलेख, वारसा, कर्ज, शेतमालाची विक्री, बियाणे-खतांची खरेदी, पीकविमा आणि शेतकऱ्यांच्या कंपन्यांचा कारभार यांविषयी शेतकऱ्याला शाळा-कॉलेजबाहेर मिळणारे शिक्षण. महाराष्ट्रात ते कृषी विभाग, विधी सेवा समित्या, सहकार प्रशिक्षण संस्था, शेतकरी चळवळी आणि वृत्तपत्रे अशा वेगवेगळ्या वाटांनी पोचते. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे असून जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पीक कसे घ्यावे हे सांगणारी माणसे त्यामुळे गावापर्यंत येतात. सही करण्यापूर्वी कागदात काय पाहावे, हे सांगणारा माणूस मात्र शेतकऱ्याला अजूनही शोधावा लागतो.

या शिक्षणाची गरज जुनी आहे. १८७५ साली सुपे येथून सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या घरांतील कर्जरोख्यांवर होता. ते रोखे मिळवून जाळण्यात आले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने गावपातळीवर निबंधक नेमण्याची सोय केली. शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हावा, फेडीची लेखी पावती मिळावी आणि खात्याचा वार्षिक हिशोब मागता यावा, असा त्या कायद्याचा रोख होता. लिहिता-वाचता न येणाऱ्याला कायद्याने दिलेला हा आधार होता. वाचायला शिकवण्याचे काम मात्र राहिलेच. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली. दस्तऐवज मोडीत लिहिले जात असल्याने या मागणीतला मोडीचा आग्रह थेट व्यवहारातून आलेला होता.

आजच्या काळात शिकण्याचा पहिला कागद सातबारा. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि भोगवटा वर्ग असतो, तर बारामध्ये पिकांची नोंद. बहुतेक जण नाव आणि क्षेत्र पाहून उतारा घडी करून ठेवतात. खरी माहिती पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, हस्तांतरणावरील निर्बंध हे सगळे तिथेच सापडते. कर्ज फिटले तरी बोजा कमी करण्याचा फेरफार झाला नसेल, तर तो उताऱ्यावर तसाच राहतो आणि जमीन विकताना किंवा नवे कर्ज काढताना अडचण होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना लेखी सूचना जाते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेता येते. नोंद प्रमाणित झाल्यानंतर ती खरी आहे असे कायदा गृहीत धरतो. खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार हरकतदारावर पडतो. भावकीतली कित्येक भांडणे या १५ दिवसांत दुर्लक्ष झाल्याने वर्षानुवर्षे लांबतात. फेरफाराची सद्यःस्थिती आता ऑनलाइन पाहता येते, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो. कागद हाती येणे सोपे झाले, त्यामुळे तो वाचता येण्याची गरज अधिकच वाढली आहे.

शेतरस्त्याच्या वादात मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ उपयोगी पडतो. वहिवाटीचा रस्ता अडवला गेल्यास तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पीकविम्यातही गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट ठेवण्यात आली होती. ही मुदत ठाऊक नसलेल्याचे नुकसान खरे असूनही दावा लटकत असे. प्रशिक्षणात कायद्याची कलमे पाठ करून घेण्यापेक्षा अशा मुदती घोटून घेणे जास्त मोलाचे ठरते.

बाजार समितीत मिळणारी हिशोबपट्टी हा दुसरा कागद. तीवर वजन, भाव, हमाली, तोलाई व इतर कपाती असतात. बाजार समितीच्या नियमांतील २०१६ च्या बदलानंतर आडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तरीही कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार झाला, तर कोणती रक्कम कशापोटी कापली हे नंतर दाखवता येत नाही. बियाण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, असा निर्वाळा दिला. चाचणीसाठी नमुना बाजूला ठेवणे शेतकऱ्याकडून अपेक्षित धरता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. पक्के बिल, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल जपणे तरीही आवश्यक आहे. उगवण झाली नाही की तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचा पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि तो पीक मोडण्याआधी.

व्यवसायाचे शिक्षण शेतकरी उत्पादक कंपन्यांमुळे निकडीचे झाले. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात त्यांची तरतूद आली. किमान दहा उत्पादक मिळून अशी कंपनी स्थापू शकतात आणि सामान्यतः प्रत्येक सभासदाला एकच मत असते. २०२० मध्ये केंद्राने १०,००० नव्या शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. नोंदणी झटपट होते. पुढे लेखापरीक्षण, वार्षिक सभा, विवरणपत्रे, संचालकांचे केवायसी आणि जीएसटी यांचे चक्र सुरू होते. ते न सांभाळल्यास धंदा नसलेल्या कंपनीलाही दंड लागतो. संचालक मंडळाला ताळेबंद वाचता येणे ही इथली किमान पात्रता मानली पाहिजे. नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या कंपन्या मोठ्या झाल्या, त्यामागे शेतीइतकीच व्यवस्थापनाचीही शिस्त आहे. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था, हैदराबादची ‘मॅनेज’ ही कृषी विस्तार संस्था, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या साहाय्याचा ‘स्मार्ट’ प्रकल्प यांची या क्षेत्रात प्रशिक्षणे असतात. २००५ पासून निघणारे ‘अ‍ॅग्रोवन’ हे दैनिकही बाजारभावाबरोबर कायदा व योजनांची माहिती देते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार तालुका पातळीवर विधी सेवा समित्या आहेत. त्या शिबिरे घेतात आणि पात्र व्यक्तींना मोफत वकील देतात; स्त्रियांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही सवलत शेतकरी स्त्रियांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरी बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर सहज घेतल्या जातात, अनेकदा मजकूर न वाचताच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून जमीन पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा गावोगावी सभांमधून मालकी, नोंद आणि हिस्सा यांवर उघड चर्चा झाली. विदर्भ-मराठवाड्यात महिला किसान अधिकार मंच आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांच्या वारसनोंदींसह अनेक प्रश्नांवर काम करतो. अशा बैठकांत बाई स्वतःच्या जमिनीचा उतारा घेऊन येते आणि तोच वाचून शिकते. व्याख्यानापेक्षा ही पद्धत कितीतरी परिणामकारक आहे.

ठोक्याने किंवा बटईने जमीन कसणारा शेतकरी या सगळ्याच्या कडेला राहतो. त्याचा करार बहुधा तोंडी असतो. कूळ लागण्याच्या धास्तीने मालक लिहून द्यायला तयार नसतो, आणि लेखी पुराव्याशिवाय पीककर्ज वा नुकसानभरपाई मागणे कसणाऱ्याला जड जाते. निती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा मांडला होता. प्रशिक्षणांच्या यादीतही या शेतकऱ्याचे नाव क्वचित येते, कारण बहुतेक योजनांचे लाभार्थी सातबाऱ्यावरून निवडले जातात.