छायेतील विवाह : एका जर्मन चित्रपटाची साक्ष

३ ऑक्टोबर १९४७ रोजी, चार विजेत्या राष्ट्रांत वाटल्या गेलेल्या बर्लिनच्या चारही विभागांत, ‘एहे इम शाटेन’ अर्थात ‘छायेतील विवाह’ हा चित्रपट एकाच वेळी प्रदर्शित झाला. पुढे एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. दिग्दर्शक कुर्ट मेट्सिग याच्या ज्यू मातेने १९४४ मध्ये छळापायी आत्महत्या केली होती.

कथेचा आधार सत्य घटनेचा आहे. लोकप्रिय नट योआखिम गोटशाल्क याने ज्यू पत्नी मेटा वोल्फ हिला सोडण्यास नकार दिला. नोव्हेंबर १९४१ मध्ये या दांपत्याने आठ वर्षांच्या मुलासह जीवनाचा अंत केला.

हा प्रसंग समजण्यासाठी एका शब्दाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. ‘मिशएहे’, म्हणजे मिश्रविवाह, हा शब्द जर्मनीत पूर्वी मुख्यतः कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहास लावीत. नाझी राजवटीने त्यात वंशाचा अर्थ भरला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू व ‘जर्मन रक्ताच्या’ व्यक्तींचे नवे विवाह निषिद्ध ठरविले. पूर्वीचे मात्र आपोआप रद्द झाले नाहीत. अशा विवाहातील ज्यू जोडीदारास काही प्रमाणात संरक्षण मिळे. परंतु घटस्फोट झाला अथवा ज्यूतर जोडीदार मरण पावला, की ते बहुधा संपुष्टात येई. म्हणूनच घटस्फोटासाठी दडपण येत असे. पतिपत्नीची निष्ठा हा केवळ भावनेचा विषय उरला नव्हता; एकाचा जीव दुसऱ्याच्या होकारावर टांगलेला होता. छाया म्हणजे काळोख, तसाच आसराही. हे दोन्ही अर्थ येथे एकवटतात.

चित्रपटातील हान्स हा एलिझाबेथशी विवाह करतो तो प्रेमाने, तसाच तिच्या रक्षणासाठीही. परंतु घर हाच आसरा मानून तो बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवितो. आधारभूत कथेचे शीर्षकच ‘इतके वाईट काही होणार नाही’ अशा आशयाचे आहे. या दिलाशावरच चित्रपटाचा खरा आरोप आहे.

त्याची मर्यादाही येथेच दिसते. प्रारंभी ही दोघे शिलरच्या ‘काबाले उंड लीबे’ या नाटकात प्रेमिकांच्या भूमिका करतात आणि शेवटही त्याच शोकांतिकेच्या वळणाने जातो. संगीतकार वोल्फगांग त्सेलर याने १९४० च्या ‘यूट झ्यूस’ या कुख्यात ज्यूविरोधी चित्रपटालाही संगीत दिले होते. जुन्याच करुणरसाच्या साच्यात नवा अपराध ओतल्यामुळे प्रेक्षक रडू शकला; स्वतःस प्रश्न विचारण्याची सक्ती त्याच्यावर झालीच असे नाही.

इतिहासाने दुसरीही बाजू नोंदविली आहे. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर, अटकेतील ज्यू पतींसाठी शेकडो ज्यूतर स्त्रिया उभ्या राहिल्या; बहुतेक पती सुटले. सुटकेचे श्रेय कितपत या निदर्शनांचे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि, विवाहनिष्ठा घराबाहेर पडून उघड्या रस्त्यावर उभी राहू शकत होती, एवढे त्यावरून निश्चित ठरते. हान्सच्या बंद दाराचे मोल याच मापाने केले पाहिजे.