पुण्याचा नवा कामगार

सकाळी नऊच्या सुमारास हिंजवडीच्या चौकात उभे राहावे आणि बसगाड्यांतून उतरणारी मुले पाहावीत. पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. आम्ही ज्या पिढीत वाढलो ती कामगार ओळखायची तो निळ्या कपड्यांवरून आणि भोंग्यावरून. या मुलांना कामगार म्हटले तर ती हसतात. हे हसू कोठून आले, एवढाच आजचा आमचा विषय.

पुण्यात संगणक काही आभाळातून पडला नाही. 1854 पासून येथे अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर मोटारींचे व स्कूटरचे कारखाने उभे राहिले. 1981 साली टाटांचे संशोधन केंद्र निघाले. हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, म्हणून 1988 साली सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 साली 'परम 8000' तयार केला. त्याच सुमारास सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची सरकारी योजना आली. देशातील तिच्या पहिल्या केंद्रांत पुणे होते. माल बंदरातून नव्हे, उपग्रहाच्या दुव्यावरून परदेशी जाऊ लागला.

जमिनीची गोष्टही सांगितली पाहिजे. हिंजवडी-माणची शेती महामंडळाने संपादन केली. शेतकऱ्याला मोबदला मिळाला आणि संबंध संपला. मगरपट्ट्यात मात्र सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली व भागधारक झाली. एकाच शहरातले हे दोन मार्ग! दुसरा मार्ग इतरांना का सुचला नाही, हा प्रश्न आम्हांला अजून छळतो.

आता आमच्या स्वतःच्या चळवळीविषयी. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारे यंत्र, असे आम्ही मंडळी वर्षानुवर्षे सांगत होतो. शेवटी 1983 साली बँक संघटनांनी मर्यादित संगणकीकरणाच्या करारावर सह्या केल्या. योगायोग असा की त्याच साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ज्या कारकुनांनी संगणकाविरुद्ध मोर्चे काढले, त्यांचीच मुले त्या महाविद्यालयांतून याच उद्योगात गेली. भय खोटे नव्हते, पण आम्ही यंत्राशी भांडत बसलो आणि यंत्रामागच्या माणसाकडे पाठ फिरवली. 1989 साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यापुढे उपोषण केले, त्यानंतर पुण्यात संघटनेचे नाव काढले की सुशिक्षित घरांतून दारे लागू लागली, हेही खरे.

वस्तुतः कायद्याने या मुलांना कधीच बाहेर ठेवले नव्हते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' या व्याख्येत 1956 च्या दुरुस्तीने 'तांत्रिक' काम आले. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यातही तो शब्द आहे. कामगार कपातीत गेला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. राजीनामा दिला तर ही भरपाई नाही. सारी मेख येथेच आहे.

2009 च्या मंदीत एक तरुण आमच्या कचेरीत आला. काम नसले की त्यांच्याकडे माणसाला 'बेंच'वर बसवतात. तसा तो दोन महिने बसून होता. एके दुपारी त्याला खोलीत बोलावून तयार राजीनामा पुढे ठेवला गेला. अनुभवाचा दाखला हवा असेल तर सही कर, म्हणाले. त्याने केली.

"नोकरी किती वर्षे?" आम्ही विचारले.

"सात."

म्हणजे साडेतीन महिन्यांचा पगार गेला होता. ते सांगितल्यावर तो म्हणाला, "पण साहेब, ते कामगारांसाठी असतं ना?"

आम्ही कायद्याची प्रत काढून त्या एका शब्दावर बोट ठेवले. त्याने तो दोनदा वाचला. मग त्याच दिवशी सही केलेल्या चौघांचे फोन नंबर त्याने आमच्या वहीत लिहून दिले.