अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल : 'आमची कॉन्फरन्स श्रेष्ठ' हा वाद का मिटत नाही?

या टिपणात फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकी खेळ. तेथे विद्यापीठांचे संघ तो खेळतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, यावरून त्याची लोकप्रियता लक्षात येईल. विद्यापीठांच्या ज्या गटात हे सामने होतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात.

या चाहत्यांची एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. वर्षभर ज्या शेजारी संघाचा ते द्वेष करतात, तोच संघ दुसऱ्या कॉन्फरन्सशी खेळू लागला की त्याच्या विजयासाठी घोषणा देतात. याचे उत्तर इतिहासात आहे.

गट कसे बनले

१८९६ मध्ये मध्य-पश्चिमेतील सात विद्यापीठांनी शिकागो येथे एकत्र येऊन जो गट स्थापला, तोच पुढे 'बिग टेन' झाला. मैदानावर कोणी उतरावे याचे नियम ठरवणे आणि भाडोत्री खेळाडूंना आळा घालणे, हा त्यामागचा हेतू होता. डिसेंबर १९३२ मध्ये दक्षिणेतील १३ विद्यापीठे जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली आणि 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' जन्माला आली. म्हणजे गट बनले ते प्रदेशानुसार. त्यामुळे खेळाच्या वादात प्रादेशिक अभिमान सुरुवातीपासूनच मिसळला.

काटा एक नाही

आपल्याकडे रणजी करंडकातही पूर्वी विभागवार सामने होत. पण विभागांतले वरचे संघ पुढे बाद फेरीत एकमेकांशी भिडत आणि निकाल मैदानावर लागे. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये अशी बाद फेरी अनेक दशके नव्हतीच. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडा पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावू लागली. राष्ट्रीय विजेता कोण, हे मुख्यतः अशा मतांवर ठरे.

आता मोजमापाच्या दृष्टीने पाहा. संघाचे बहुतेक सामने स्वतःच्या गटातच होतात. त्याचा विजय किती मोलाचा, हे हरलेल्या संघाच्या ताकदीवर ठरते. आणि त्या संघाची ताकद ठरते ती पुन्हा त्याच गटातल्या सामन्यांवरून. दोन प्रयोगशाळांनी आपापल्या काट्यावर वजने करावीत, पण दोन्ही काटे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, तसा हा प्रकार आहे. गटाबाहेरचे मोजके सामने हीच काय ती ताडणी. म्हणून शेजाऱ्याने बाहेर मिळवलेला विजय आपल्याही संघाचे वजन वाढवतो. घोषणा देणाऱ्या चाहत्याचा हिशेब हाच आहे.

१९६६ : तीन अपराजित संघ

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बिग टेनचा मिशिगन स्टेट आणि कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नसलेला नोत्र दाम यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. दक्षिणेतील अलाबामा मात्र एकही सामना न हरला, न बरोबरीत सोडला. तरीही अखेरच्या क्रमवारीत नोत्र दाम पहिला, मिशिगन स्टेट दुसरा आणि आधीची दोन्ही वर्षे पहिला असलेला अलाबामा तिसरा आला. दक्षिणेतील चाहत्यांना हा अन्याय आजही सलतो.

पण दुसरी बाजूही वाचा. अलाबामाच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९६७ मध्ये, केंटकी विद्यापीठाकडून. दक्षिणेने दारे बंद केलेले अनेक गुणी खेळाडू उत्तरेत गेले आणि त्यांतले काही याच मिशिगन स्टेटच्या संघात होते. 'कोणता प्रदेश बलवान' या प्रश्नामागे 'कोणाला खेळू दिले' हा प्रश्न दडलेला होता. गुणफलकावर तो दिसत नाही.

वाद निवड समितीच्या दारात

२००६ ते २०१२ या सलग सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद साउथईस्टर्न कॉन्फरन्सकडे गेले. जानेवारी २०१२ च्या अंतिम सामन्यात तर दोन्ही संघ तिचेच होते. अलाबामाने लुइझियाना स्टेटला २१-० असे हरवले. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली, पण ते चार कोण हे समितीच ठरवे. २०२३ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा विजेता फ्लॉरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकूनही बाहेर राहिला आणि एक सामना हरलेला अलाबामा आत गेला. फ्लॉरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी असल्याचे कारण समितीने दिले. त्या चाहत्यांना मात्र यात कॉन्फरन्सच्या नावाचेच वजन दिसले. २०२४ पासून बाद फेरीत १२ संघ आले. त्यांतही सात जागा समितीच्या पसंतीच्या, त्यामुळे वाद पहिल्या क्रमांकावरून बाराव्यावर सरकला, इतकेच.

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' म्हणून हा वाद हसण्यावारी नेऊ नका. निर्णय मतांवर अवलंबून असेल, तर प्रतिष्ठा हाच पुरावा बनतो आणि मैदानावर सर्व काही जिंकलेला संघही घरी बसतो.

विचारासाठी प्रश्न

१. गटाबाहेरचे सामने वाढवले, तर हा वाद कितपत कमी होईल?
२. महाविद्यालयांच्या क्रमवारीत असे 'न ताडलेले काटे' तुम्हाला कोठे दिसतात?