सेकंदाला पस्तीस मीटर

स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या बॅगेत राखीव पॅराशूटजवळ एक छोटी डबी बसवलेली असते. तिला एकच प्रश्न सोडवायचा असतो: हा माणूस अजून पडतोय का? जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने १९९१ साली 'सायप्रेस' नावाची अशी डबी आणली. तिच्या नेहमीच्या मॉडेलचा नियम असा: जमिनीपासून साधारण २२५ मीटरवर खाली येण्याचा वेग, म्हणजे उभा वेग, सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, तर याचं पॅराशूट उघडलेलं नाही. मग आतलं पातं दोर कापतं आणि राखीव पॅराशूट बाहेर येतं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत हा एक साधा 'इफ'.

हिशोबही साधाच होता. पोटावर पडणारा माणूस सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटरने खाली येतो, उघड्या पॅराशूटखाली पाचेक मीटरने. मधे एवढी मोकळी जागा, पस्तीसची रेघ तिथे आरामात बसली. मग १९९९मध्ये यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेच्निक यांनी विंगसूट विकायला काढला, आणि त्या मोकळ्या जागेत माणसं उडू लागली.

विंगसूटमध्ये हाताखाली आणि पायांमध्ये कापडी पंख असतात. ते हवेने फुगतात आणि माणूस सेकंदाला पंधरा-वीस मीटरनेच खाली येतो. कसलेला असेल तर त्याहून कमी. आता समजा, तो वर बेशुद्ध पडला आणि तसाच तरंगत राहिला. डबीच्या लेखी तो सुखरूप! सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. त्या वेगाने जमिनीवर आदळणं म्हणजे काय, हे चांदूर बाजार-अमरावती रस्त्यावर रोज बाईक चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग आकडा कमी करा की! तिथेच अडतं. काही जण छोटं पॅराशूट उघडून जमिनीजवळ मुद्दाम जोरात झेपावतात. त्यांचा उभा वेग क्षणभर विंगसूटवाल्यापेक्षा जास्त होतो. रेघ खाली आणली, तर या धडधाकट माणसाचं राखीव पॅराशूट वळणाच्या मधेच उघडेल आणि दोन्ही एकमेकांत गुंततील. त्यांच्यासाठी तर उलट जास्त आकड्याचं मॉडेल काढावं लागलं.

मुळात उभा वेग थेट मोजताच येत नाही, तो काढावा लागतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लिपिशच्या सल्ल्यावरून रॉबर्ट क्रोनफेल्डने ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर वापरलं. जुन्या व्हेरिओमीटरमध्ये अक्षरशः थर्मास असायचा! त्यातली हवा बारीक नळीतून बाहेर-आत होते. जितक्या भराभर वर किंवा खाली जाल, तितका त्या नळीतला प्रवाह वाढतो आणि काटा सरकतो. आज थर्मासच्या जागी सेन्सर आहे. आत्ताचा दाब, मघाचा दाब, वजाबाकी, भागिले वेळ.

ही वजाबाकी किती खट्याळ असते ते मी एसटीत पाहिलंय. परतवाड्यानंतर चिखलदऱ्याचा घाट लागतो. फोनमधल्या दाबाच्या सेन्सरवरून मी बसचा उभा वेग काढत होतो. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे इथे नऊएक मीटर उंची. पुढच्या सीटवरच्याने खिडकी सरकवली की आलेखात बस टुणकन उडी मारायची.

"काय पायतं बाबू एवढं मोबाईलात?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"बस किती जोरात चढते ते, काका."

"बस नाई चढत, रडते थे," काका म्हणाले. आकडा सेकंदाला अर्धा मीटरही नव्हता.

आलेख शांत करायला दहा सेकंदांची सरासरी घेतली, तर आकडा साधारण पाच सेकंदांनी शिळा होतो. घाटात चालतं. पण ३५च्या वेगाने २२५ मीटर संपायला साडेसहा सेकंदही लागत नाहीत. त्यात पाठीमागे हवेचा खळगा तयार होतो, तिथला दाब खोटं बोलतो. आणि डबी नेमकी पाठीवरच.

शिवाय पातळ हवेत वेगच बदलतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४मध्ये आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी, म्हणजे तोच माणूस त्याच स्थितीत साधारण १.४ पट वेगाने पडतो. जमीनच हजारो फूट उंच, त्यामुळे उपकरणाचं शून्य कुठे धरायचं हाही प्रश्न.

विंगसूटवाल्यांनी दुसरी वाट शोधली: जीपीएस. 'फ्लायसाईट' नावाचं यंत्र उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून वेग काढतं, उंचीची वजाबाकी करत बसत नाही. आकडा वाचायला मान वळवली तर उड्डाण बिघडतं, म्हणून ते कानात सूर वाजवतं. वेग बदलला की सूर बदलतो. स्पर्धेत ठरलेला एक किलोमीटर खाली यायला कोण जास्त वेळ लावतो ते यावरून ठरतं. ८० सेकंद लावले तर सरासरी १२.५.

पण ते फक्त गातं. दोर कापण्याचं काम अजून दाब मोजणाऱ्या डबीकडेच आहे. सायप्रेसवाल्यांनी शेवटी विंगसूटसाठी वेगळं मॉडेल काढलं, त्यात रेघ खाली आली.