मागच्या आसनावरून व्हिएतनाम

सायगावच्या फाम न्गू लाओ भागात (शहराचे अधिकृत नाव १९७६ पासून हो चि मिन्ह सिटी, लोकांच्या तोंडी मात्र सायगाव हेच नाव टिकून आहे) पदपथावर कॉफी पीत बसलेल्या परदेशी प्रवाशाभोवती एके काळी पुस्तके विकणारी मुले हमखास घोटाळत. हातांत पोटापासून हनुवटीपर्यंत रचलेली पुस्तकांची चळत, आणि ती सगळी पुस्तके झेरॉक्स केलेली. प्रवासमार्गदर्शिका तर असतच. पण त्यांच्याबरोबर ग्रॅहम ग्रीनची 'द क्वाएट अमेरिकन' (१९५५) आणि बाओ निन्हच्या कादंबरीचा 'द सॉरो ऑफ वॉर' हा इंग्रजी अनुवादही असे. कोणत्याही अभ्यासमंडळाने न नेमलेला, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकीने ठरवलेला असा हा अभ्यासक्रम होता. बाओ निन्हच्या कादंबरीला १९९१ मध्ये व्हिएतनामच्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर अनेक वर्षे मायभाषेत तिचे पुनर्मुद्रण होऊ शकले नाही. त्याच वर्षांत तिच्या इंग्रजी अनुवादाच्या चोरट्या प्रती पदपथावर उघडपणे विकल्या जात होत्या. देशातल्या वाचकाला दुर्मिळ झालेले पुस्तक पाठीवर पिशवी टाकून आलेल्या परक्याला जेवणाच्या किमतीत मिळत होते.

या परक्याविषयी, त्याच्या स्वस्त आणि स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या प्रवासाविषयी थोडे लिहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण प्रवाशाच्या दृष्टीची चर्चा करतो, शैलीची करतो, निसर्गवर्णनांची तर फारच करतो. प्रवासी कोणत्या वाहनातून गेला आणि ते वाहन कोण चालवत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. व्हिएतनामपुरते बोलायचे तर या प्रश्नाच्या उत्तरावर प्रवाशाला कोणता इतिहास ऐकायला मिळेल हे ठरत आले आहे.

आधी 'स्वतंत्र' या विशेषणाविषयी. डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने 'दोइ मोइ' हे आर्थिक नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले आणि परदेशी पर्यटकांसाठी दार किलकिले झाले. तरीही १९९३ पर्यंत परदेशी माणसाला शहराबाहेर पडायचे तर अंतर्गत प्रवासाचा परवाना काढावा लागे. १९९३ मध्ये ही अट गेली. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली आणि १९९५ मध्ये दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. प्रवासवर्णनांतून जो प्रवासी 'मन मानेल तिकडे' निघालेला दिसतो, त्याच्या मनमानीला अशी एक तारीख आहे. ते स्वातंत्र्य त्याने मिळवलेले नव्हते, त्याला ते देऊ केले गेले होते. आणि ते देणाऱ्या देशातली अनेक माणसे त्या वेळी स्वतः तितकी मोकळी नव्हती. त्यांच्याकडे पुढे येऊच.

परवाने संपताच फाम न्गू लाओमधल्या 'किम कॅफे', 'सिन्ह कॅफे' यांसारख्या लहान उपाहारगृहांनी बसगाड्या सुरू केल्या. एकच तिकीट काढायचे, सायगावहून निघायचे, दा लात, न्हा त्रांग, होय आन, हुए असे वाटेल तिथे उतरायचे, हवे तितके दिवस राहायचे आणि पुन्हा त्याच तिकिटावर पुढची बस पकडून हनोई गाठायची. कल्पना इतकी सोयीची होती की जिथे तिथे त्याच नावाच्या पाट्या लागल्या. पुस्तकांप्रमाणे दुकानांच्या नावांचीही झेरॉक्स निघाली.

दा लातचा फाटा सोडला तर या बसचा मार्ग म्हणजे मुख्यतः महामार्ग क्रमांक एक. उत्तरेला चीनच्या सीमेपासून दक्षिणेला का माउच्या टोकापर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर समुद्राच्या कडेकडेने जाणारा हा रस्ता. न्गुयेन राजांच्या अधिकाऱ्यांचे आणि टपालाचे घोडे जिथून धावत, त्याच वाटेवर फ्रेंचांनी आपला वसाहती रस्ता बांधला. देश एकसंध ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक सत्तेला तो हवा होता आणि म्हणून तो तोडणे प्रत्येक बंडखोराला आवश्यक वाटले. १९५० साली नॉर्मन लुईस हा इंग्रज लेखक इथे हिंडला (त्याचे 'अ ड्रॅगन अपॅरन्ट' १९५१ मध्ये आले), तेव्हा देशांतर्गत रस्त्यांवर लष्करी संरक्षणातल्या ताफ्याबरोबर प्रवास करावा लागे. हुएच्या उत्तरेकडचा या महामार्गालगतचा पट्टा फ्रेंच सैनिकांनी 'आनंद नसलेला रस्ता' म्हणून ओळखला. बर्नार्ड फॉलने १९६१ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले, आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये त्याच पट्ट्यात भूसुरुंगाच्या स्फोटात तो मारला गेला.

प्रवाशांची बस हा भाग रात्री ओलांडते. हुए ते हनोई हे सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर झोपेत कापणे सोयीचे, कारण एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. देशाचे दोन तुकडे करणारी सतरावी अक्षांशरेषा, बेन हाय नदी, क्वांग त्री हे सारे काळोखात मागे जाते. काटकसरीचा हा परिणाम आम्हांला विलक्षण वाटतो. ज्या जागेसाठी वीस वर्षे माणसे मेली ती जागा पैसे वाचवण्याच्या वेळापत्रकात नेमकी झोपेच्या तासांत येते.

बस आणि मोटारसायकल यांच्या वाटा जिथे अक्षरशः वेगळ्या होतात, ती जागा हुए आणि दा नांग यांच्यामधला हाय वान घाट. सुमारे पाचशे मीटर उंचीची ही खिंड एके काळी दाय व्हिएत आणि चंपा या राज्यांमधली सीमा होती. १३०६ मध्ये चंपाच्या राजाने व्हिएतनामी राजकन्येशी विवाह करताना खिंडीच्या उत्तरेकडचे दोन प्रांत दिले आणि सीमा खिंडीवर आली. माथ्यावर सम्राट मिन्ह मांगने १८२६ मध्ये बांधवलेली वेस आहे आणि तिच्या अंगाखांद्यावर फ्रेंचांचे व अमेरिकनांचे काँक्रीटचे बुरूज. जून २००५ मध्ये खालून सहा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खुला झाला. बस, मालमोटारी बोगद्यात गेल्या. मोटारसायकलींना बोगद्यात मज्जाव असल्याने त्या वरच राहिल्या. (२००८ च्या अखेरीस 'टॉप गिअर' या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे तीन निवेदक दुचाकींवरून हा घाट चढले, तेव्हापासून तिथे गर्दी असते, ती चंपाच्या सीमेसाठी नव्हे.) बसच्या प्रवाशाला सातशे वर्षांच्या जागी दहा मिनिटांचा पिवळा उजेड मिळतो.

आम्ही दोघे सहकारी २०११ च्या दिवाळीच्या सुटीत त्या देशात गेलो, तेव्हा सायगाव ते दा लात बसने आणि दा लातपासून हुएपर्यंत मोटारसायकलने असा बेत केला. मोटारसायकल चालवण्याचे धाडस आमच्यात नव्हते. आम्ही मागे बसलो. व्हिएतनामी भाषेत भाड्याने नेणाऱ्या दुचाकीला 'से ओम' म्हणतात. 'से' म्हणजे वाहन आणि 'ओम' म्हणजे मिठी मारणे. इतका अचूक शब्द आम्हांला आपल्याकडे सापडत नाही. समोरच्या माणसाला धरून बसायचे आणि त्याच्या खांद्यावरून देश पाहायचा.

दा लातचे हे वाहक 'ईझी रायडर' म्हणून ओळखले जातात. नाव १९६९ च्या अमेरिकी चित्रपटाचे. त्यात दोन तरुण स्वातंत्र्याच्या शोधात मोटारसायकलींवरून निघतात आणि शेवटी रस्त्यावरच मारले जातात. १९९० च्या दशकात ही मंडळी एकत्र आली, तेव्हा त्यांतले अनेकजण पराभूत दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात असलेले होते. अमेरिकनांच्या सहवासात शिकलेले इंग्रजी हे त्यांचे एकमेव भांडवल होते, आणि १९७५ नंतर पंधरा वर्षे ते भांडवल लपवून ठेवण्याच्या लायकीचे होते.

३० एप्रिल १९७५ नंतर या सैन्यातले अधिकारी 'पुनर्शिक्षण' शिबिरांत पाठवले गेले. सामान्य शिपाई थोड्या दिवसांत सुटले. अधिकाऱ्यांपैकी काहींना दहा वर्षांहून अधिक काळ लागला. सुटून आल्यावरही 'ली लिच' म्हणजे कुटुंबाचा पूर्ववृत्तांत सांगणारी शासकीय नोंद पाठ सोडत नसे. मुलांचे शिक्षण, नोकऱ्या तिच्यावर अडत. १९८९ मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानुसार शिबिरात किमान तीन वर्षे काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत जाण्याची सोय झाली. दोन वर्षांत सुटका झालेला, म्हणजे एका अर्थाने सुदैवी ठरलेला माणूस त्या अटीत बसत नव्हता. तो मागे राहिला. परवाने संपून परदेशी प्रवासी येऊ लागले, तेव्हा त्याच्या हातात एक जुनी दुचाकी आणि मनात अर्धवट विसरलेले इंग्रजी होते.

साहित्याच्या अभ्यासकाने जिथे थांबावे अशी एक गोष्ट इथे आहे. शिबिरांत कैद्यांकडून आत्मवृत्त लिहवून घेतले जाई. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कुठे जन्मलो, कोणत्या तुकडीत होतो, कोणते अपराध केले, कोणाला ओळखत होतो. आधीच्या लेखनाशी तफावत आढळली की चौकशी. आत्मचरित्राच्या सत्यतेविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याच्या कितीतरी पलीकडची ही परीक्षा होती. निवेदकाने स्वतःला गुन्हेगार म्हणून उभे करायचे, तपशील मात्र खरे आणि प्रत्येक खेपेस तेच हवेत. तिथून सुटलेला माणूस वीस वर्षांनी रोज नव्या परक्याला, रस्त्याच्या कडेला, ठराविक दरात आपली कहाणी पुन्हा सांगतो. श्रोता बदलला आहे. आता निवेदक पीडित असावा अशी अपेक्षा आहे. सांगणे मात्र पुन्हा कोणाच्या तरी मागणीवरूनच.

आमच्या दोन वाहकांपैकी एक साठीचे होते, दुसरा तिशीतला. आम्ही वयस्कर गृहस्थांना काका म्हणू लागलो. व्हिएतनामी भाषेतही अनोळखी माणसाला नात्यानेच हाक मारतात, त्यामुळे हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. बुओन मा थुओतच्या मुख्य चौकात विजयस्मारकावर रणगाडा चढवून ठेवला आहे. १० मार्च १९७५ रोजी या शहरावरच्या हल्ल्याने अखेरच्या मोहिमेला तोंड लागले. काकांनी चौकाला वळसा घातला आणि गाडी थांबवली नाही. दुसऱ्या दिवशी प्लेइकुच्या अलीकडे पूर्वेला फुटणाऱ्या एका साध्या रस्त्याच्या तोंडाशी मात्र थांबवली. १४ मार्च १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष थ्यू यांनी डोंगराळ प्रदेश सोडून माघार घेण्याचा निर्णय केला आणि सैन्य, त्यांची कुटुंबे, गावकरी असे सारे याच मोडक्या रस्त्याने समुद्राकडे निघाले. पूल तुटलेले होते, वरून तोफगोळे पडत होते. 'अश्रूंचा काफिला' हे त्या माघारीचे नाव. तिथे स्मारक नव्हते. काका सुमारे दहा मिनिटे बोलले, शांतपणे, जवळजवळ पाठ म्हटल्यासारखे. मग तरुण वाहकाने आमच्यातल्या दुसऱ्याला तीच हकिगत सांगितली. ती त्याच्या वडिलांची होती. पण वाक्ये, विराम, सिगारेट विझवण्याची जागासुद्धा तीच.

आमच्यात त्या रात्री वाद झाला. एकाचे म्हणणे, हे पर्यटकांसाठी घोटलेले कथन आहे, साक्ष म्हणून त्याची किंमत काय? दुसऱ्याचे म्हणणे, घोटले गेल्यामुळे ते खोटे ठरत नाही. ओवी घोटली जाते म्हणून जात्यावरचे दुःख खोटे का? आम्हांला गोडसे भटजींची आठवण झाली. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे पायी गेलेला तो माणूस इतिहास पाहायला निघालेलाच नव्हता. त्यांचा 'माझा प्रवास' वैद्यांच्या संपादनातून १९०७ मध्ये आला, म्हणजे तेही कथन दुसऱ्याच्या हातून गेलेले. पोटासाठी रस्त्यावर आलेल्या माणसाला जे दिसते, ते हौशी प्रवाशाला दिसत नाही, हे आपण मराठीत शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. काकांना ती सवलत नाकारायचे कारण आम्हांला सापडले नाही. वाद मात्र मिटला नाही. तो अजून आहे.

पिशवीत बाओ निन्हची झेरॉक्स होतीच. कोन तुमच्या मुक्कामात ती वाचून संपली. कादंबरीचा नायक किएन उत्तरेचा सैनिक. युद्ध संपल्यावर याच डोंगराळ जंगलांत मृत सैनिकांचे अवशेष गोळा करणाऱ्या पथकाबरोबर तो हिंडतो, मालमोटारीत अवशेषांच्या सोबतीने झोपतो. जिंकलेल्या बाजूचे हे पुस्तक विजयाविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि त्याची अडचण झाली ती त्यामुळेच. पण किएन ज्यांचे अवशेष शोधतो त्यांच्यासाठी पुढे गावोगावी हुतात्म्यांची स्मशाने झाली. महामार्गावरून त्यांच्या पांढऱ्या रांगा दिसतात. दक्षिणेच्या सैनिकांचे बिएन होआ येथील मोठे स्मशान २००६ पर्यंत लष्कराच्या ताब्यात बंद होते. आम्ही काकांना पुस्तक दाखवले. त्यांनी ते वाचले नव्हते. मुखपृष्ठ निरखून ते म्हणाले, या लेखकाची तुकडी तिथे असेल तर आम्ही एकमेकांवर गोळ्या झाडल्या असतील, आणि पावसाचे कपडे काढायला उठले.

हाय वानच्या माथ्यावर धुके इतके होते की वेस हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसली नाही. हुएला पोचलो तेव्हा रात्रीची बस सुटायला तासभर होता. पैसे चुकते झाल्यावर काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जाड वही काढली. या सर्वच वाहकांकडे अशा वह्या असतात. आधीच्या प्रवाशांनी आपापल्या भाषांत लिहिलेले अभिप्राय, नव्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. आमच्या भाषेत लिहा, ती वहीत नाही, असे त्यांनी सुचवले. आम्ही उभ्याउभ्याच मराठीत सात-आठ ओळी लिहिल्या. बसमध्ये पडल्यावर, क्वांग त्रीच्या आसपास कुठेतरी, काय लिहिले ते आठवू लागलो. गाडी सावकाश चालवतात, शिरस्त्राण चांगले देतात, घाटात भीती वाटली नाही, जेवणाच्या जागा स्वच्छ निवडतात, असे लिहिले होते. त्या फाट्यावरच्या दहा मिनिटांविषयी एक अक्षरही नव्हते.