चाळीस दिवसांचा बाजार

पडेगावहून मिटमिट्याच्या पुढे निघालं की देवगिरीचा कातळ दिसायला लागतो. रविवारी वेरूळला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकून मी तो कितीतरी वेळा बघितलाय. चौदाव्या शतकात दिल्लीहून इथे यायला चाळीस दिवस लागायचे. हा आकडा मोरोक्कोच्या इब्न बतूताचा. आजच्या रस्त्याने अंतर साधारण १२०० किलोमीटर भरतं, म्हणजे रोज ३०, तेही एकही दिवस खाडा न करता.

बतूताने या रस्त्याचं वर्णन फार झकास केलंय. दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे बागेतून चालल्यासारखं वाटतं. लागेल ते वाटेत मिळतं, जणू चाळीस दिवसांचा एकच लांबलचक बाजार. दर कोसाला डाकेच्या तीन चौक्या. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरांची काठी. घुंगरं ऐकली की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून तयार. ही डाक घोड्यांपेक्षाही वेगात जायची. सुलतान मुहम्मद तुघलक दौलताबादेत असला की त्याला प्यायला गंगेचं पाणी याच पद्धतीने यायचं. चाळीस दिवसांच्या अंतरावरून, एका माणसासाठी!

पण याच बतूताच्या प्रवासवर्णनात दुसरीही एक गोष्ट आहे. जुलै १३४२ मध्ये तो सुलतानाचा वकील म्हणून चीनला जायला निघाला. कोलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, एका चकमकीत तो सोबत्यांपासून तुटला. (कोल दौलताबादच्या सरळ वाटेवर नाही, हा फेरा होता. पण दिल्लीपासून ते काही फार लांब नाही.) चाळीसेक जणांनी त्याला घेरून लुटलं, मारायचं ठरवलं आणि शेवटी सोडून दिलं. पुढे कित्येक दिवस तो झाडाझुडपांत लपत, बोरं खात भटकला. एका विहिरीवर पाणी काढायला भांडं नव्हतं, म्हणून विहिरीवरच्या दोराला पायातला जोडा बांधून आत सोडला. दोर तुटला, जोडा विहिरीत. मग दुसरा जोडा सोडला. शेवटी एका अनोळखी माणसाने त्याला खायला घातलं आणि खांद्यावर उचलून एका गावात पोचवलं. तिथे कळलं की कोल तिथून जेमतेम दोन फरसख, म्हणजे दहा-बारा किलोमीटर.

मला हे दोन फरसख फार महत्त्वाचे वाटतात. सुलतानाची सत्ता मॅपवरच्या निळ्या रेघेइतकीच रुंद होती. रेघेवर झाडं, चौक्या, बाजार. रेघ सोडून थोडं बाजूला गेलं की रान, आणि तिथे सुलतानाच्या वकिलालाही कुणी विचारत नव्हतं.

मग ज्यांना या रेघेवरून जबरदस्तीने चालवलं, त्यांचं काय? १३२७ च्या सुमारास तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलवलं. बतूता भारतात पोचला तो त्यानंतर सहा-सात वर्षांनी. त्या तांड्यात इसामी होता, सोळाएक वर्षांचा. त्याचे आजोबा नव्वदीचे. दिल्लीबाहेरचा पहिलाच मुक्काम तिलपतचा, आणि तिथेच ते गेले. पुढे बतूताचाही पहिला मुक्काम तिलपतलाच पडला, त्याच्यासोबत चीनच्या बादशहासाठीचे नजराणे होते.

इसामी म्हणतो, निघालेल्यांपैकी दहावा हिस्साच दौलताबादला पोचला. हा आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही. तो लिहीत होता बहमनी सुलतानासाठी, आणि ते राज्यच तुघलकाविरुद्धच्या बंडातून उभं राहिलेलं. सगळी दिल्ली नाही, मुख्यतः अमीर-उमराव, उलेमा आणि सूफी मंडळी हलवली, असं बरेच इतिहासकार मानतात. पण आजोबांच्या मृत्यूत कुठलं राजकारण शोधायचं? रोज ३० किलोमीटरचा हिशोब सावलीने बदलत नाही. डाकेची माणसं कोसाच्या तिसऱ्या हिश्शावर बदलायची. म्हाताऱ्याला सगळे कोस स्वतःलाच काढायचे होते.

काही वर्षांतच सुलतानाने लोकांना दिल्लीला परतायची मुभा दिली. म्हणजे जे परतले त्यांना तीच रेघ उलटी कापायची होती.

बतूता दौलताबादहून नंदुरबारमार्गे खंभातला गेला आणि तिथून पुढे समुद्राने. इसामी मात्र दख्खनमध्येच राहिला. १३५० मध्ये त्याने आपला फारसी पद्यग्रंथ ‘फुतूह-उस-सलातीन’ पूर्ण केला, तेव्हा तो चाळिशीच्या आसपास होता आणि दिल्ली सुटून तेवीस वर्षं झाली होती.