तीन तासांचा फरक : युद्धकाळातल्या रेडिओ-बातम्या कशा उरल्या

मंडळी, आज सुरुवात एका फसवणुकीपासून करू. शब्द जरा कडक आहे, पण चालेल. 4 जून 1940 रोजी चर्चिल यांनी डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटिश संसदेत ते प्रसिद्ध भाषण केलं. किनाऱ्यांवर लढू, शरण जाणार नाही, असं सांगणारं. माहितीपटांत आपण सगळ्यांनी ते खुद्द चर्चिल यांच्या घोगऱ्या आवाजात ऐकलेलं आहे. आता गंमत बघा. त्या दिवशी संसदेत ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकाने बातम्यांत त्यातले उतारे वाचून दाखवले, लोकांनी ऐकले ते त्याच्या आवाजात. आज आपण जे ऐकतो ते 1949 सालचं आहे, युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर चर्चिल यांनी चार्टवेलच्या आपल्या घरी केलेलं. द गॉल यांचीही तीच गत. 18 जून 1940 ला लंडनहून फ्रेंच जनतेला केलेल्या त्यांच्या आवाहनाचं मुद्रण नाही. आहे ते 22 जूनच्या भाषणाचं, आणि तेच पुष्कळदा 18 तारखेच्या नावावर खपून जातं.

मग प्रश्न येतो की त्या काळातल्या बातम्यांचा खरा, त्या दिवशीचा आवाज उरला तरी कुठे? आणि का उरला? आमचं उत्तर थोडं विचित्र आहे. तो कुणी इतिहासासाठी म्हणून जपला, असं फार कमी ठिकाणी झालं. बहुतेक वेळा तो भलत्याच कारणाने उरला.

सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या सिएटल शहराचं आहे. त्या काळी तिथल्या मोठ्या प्रसारण कंपन्यांचा, सीबीएसचा आणि एनबीसीचा, एक दंडक होता : बातमी थेटच जायला हवी, तबकडीवरून वाजवायची नाही. 1937 मध्ये हिंडेनबर्ग हे हवाई जहाज पेटलं, तेव्हाचं मुद्रित वर्णन एनबीसीने ऐकवलं, ते अपवाद म्हणूनच. या दंडकामागे विश्वासार्हतेचा मुद्दा होता, तसा धंद्याचा हिशेबही होता. तबकडीच वाजवायची तर ती टपालानेही पाठवता येते, मग देशभर तारांनी जोडलेल्या केंद्रांचं मोल काय राहिलं? परिणाम असा झाला की लंडनहून एडवर्ड मरो रोज बोलत होते, लाखो लोक ऐकत होते, आणि शब्द हवेत विरून जात होते.

सिएटलचं सीबीएसशी जोडलेलं केंद्र होतं किरो. न्यूयॉर्कचं घड्याळ सिएटलच्या तीन तास पुढे. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले की इकडे दुपारचे तीन. लोक कामावर, बोईंगच्या विमान कारखान्यांचं गाव ते. मग ऐकणार कोण? म्हणून किरोने बातम्या तबकडीवर घ्यायच्या आणि लोक घरी आले की संध्याकाळी लावायच्या, असा रिवाज पाडला. बस्स, एवढंच कारण. इतिहासाचं कर्ज आपण कुणाला द्यायचं असेल तर ते पृथ्वीच्या गोलपणाला.

या तबकड्या आपल्या घरातल्या ग्रामोफोनच्या नव्हेत. 16 इंच व्यासाच्या, थाळ्याहून मोठ्या. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर, त्यावर सुई थेट खाच कोरत जाते. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं, म्हणजे एक बातमीपत्र. युद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे गेलं, तेव्हा पत्र्याऐवजी काच वापरायला लागले. काचेवरची तबकडी हातातून सुटली की संपलंच. आणि न सुटताही ती मरतेच. थर मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ते पाझरत राहतं, पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी पूड येते, थर आकसतो, तडकतो आणि खपल्यांसारखा सुटून येतो. कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. इथे खपली निघाली की त्या क्षणापुरतं लंडन गेलं.

1950 च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक मायलो रायन यांना या तबकड्या किरोच्या केंद्रात सापडल्या. 52 खोक्यांत, दोन हजारांच्या घरात. त्यांनी त्या विद्यापीठात आणवल्या, टेपवर उतरवून घेतल्या आणि मग, आमच्या मते, सर्वांत मोलाचं काम केलं : प्रत्येक प्रसारण ऐकून तारीख, बोलणारा, विषय यांची सूची केली. ती 1963 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. पुढे संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला. स्वतः सीबीएसकडेही या बातम्या अशा सलग नव्हत्या.

सलग हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. निवडक उताऱ्यांतून युद्ध फार शहाणं वाटतं. अख्खं बातमीपत्र ऐका, मग कळतं की त्या दिवशी कुणालाच काही माहीत नव्हतं. दुपारची बातमी रात्री मागे घेतली जाते, शहराची नावं चुकीची उच्चारली जातात, लघुलहरींवर लंडन खरखरत येतं आणि मध्येच बुडतं. म्हणून अशी मुद्रणं लोकांपुढे ठेवताना खरखर पुसून गुळगुळीत केलेली प्रत तेवढी ठेवू नये. पुसलेली हवी तर ठेवा, पण शेजारी मूळही असू द्या. आणि तारखेची चिठ्ठी, ती तर हवीच. नाहीतर 1949 चे चर्चिल 1940 मध्ये जाऊन बसतात.

आता आपल्याकडे वळू, कारण या युद्धाच्या बातम्या मराठीतूनही लंडनहून येत होत्या. बीबीसीचं मराठी प्रसारण 1942 मध्ये सुरू झालं. पूर्वविभागात तेव्हा एरिक ब्लेअर नावाचे गृहस्थ नोकरीला होते. जगाला ते जॉर्ज ऑर्वेल म्हणून माहीत आहेत. ते दर आठवड्याला युद्धाची वार्तापत्रं इंग्रजीत लिहीत, आणि त्यांतल्या काहींची भाषांतरं गुजराती, बंगाली, तमिळ आणि मराठीत वाचली जात. त्यांच्या विभागात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. 1942 च्या एका छायाचित्रात मायक्रोफोनभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत त्या दिसतात. ऑर्वेल स्वतःही किती वेळा बोलले असतील! पण त्यांच्या आवाजाचं एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. इंग्रजी संहिता मात्र बीबीसीच्या दफ्तरात निघाल्या आणि 1985 मध्ये छापल्या गेल्या. त्या उरल्या, कारण प्रत्येक कागद सेन्सॉरच्या शिक्क्याखालून जायचा. शब्द लिहूनच आणावे लागत, आणि सरकारी शिक्का बसलेला कागद सहसा कुणी फेकत नाही.

मुंबईत तर याहून मजेशीर प्रकार. 27 ऑगस्ट 1942 पासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बदलत बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं ते तिथून ऐकू यायचं. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या बातम्यांत काय होतं ते आज आपल्याला कळतं, कारण पोलीस कान लावून बसले होते आणि ऐकलेलं उतरवून घेत होते. श्रोत्यांपैकी सर्वांत चिकाटीचे तेच, म्हणायचे.

एक विनंती, आणि थांबतो. 16 इंची तबकडी आपल्या माळ्यावर निघणं कठीण आहे. पण 1965 किंवा 1971 च्या युद्धात कुणा आजोबांनी, काकांनी हौसेने आकाशवाणीच्या मराठी बातम्या स्पूलवर धरून ठेवल्या असतील. तसं काही निघालं, तर लगेच यंत्रावर चढवून बघू नका. जुनी टेप पहिल्याच फेरीत तुटू शकते. तबकडी असेल तर स्पिरिटने पुसू नका, थर विरघळतो, आणि जुन्या ग्रामोफोनची लोखंडी सुई तर तिच्यावर अजिबात टेकवू नका. खोक्यावर जे खरडलेलं असेल, तारीख, केंद्राचं नाव, अगदी दुकानदाराचा शिक्कासुद्धा, ते आधी वहीत जसंच्या तसं उतरवा. खोकं फेकू नका.